रोजची तीन वाक्यं

कोणी विचारलं की तुम्ही काय करता, तर मी तीस वर्षं एकच उत्तर देत आलो, "वाक्यं दुरुस्त करतो." सांगलीत मोटारी दुरुस्त करणारे आहेत, शेतीपंप उघडून देणारे आहेत, माधवनगरच्या बाजूला जुने माग जोडून देणारेही एक-दोघं उरलेत. वाक्यं दुरुस्त करणारा बहुतेक मी एकटाच. माझा मेहुणा लोकांना सांगत असतो की आमच्या दाजींचं इंग्रजीचं गॅरेज आहे. मला त्याचा कधी राग आला नाही. उलट बरं वाटायचं.

बँकेच्या, सरकारी नोकरीच्या, फौजेतल्या अधिकारीपदाच्या परीक्षांना इंग्रजीचा एक पेपर असतो. त्यात एक वाक्य देतात, त्याचे चार तुकडे पाडतात आणि विचारतात, चूक कुठल्या तुकड्यात आहे. वेळ अर्धा मिनिट. कविता, निबंध, व्याख्यान यांतलं काही कामाचं नाही. चूक तेवढी दिसली पाहिजे. सोमवार ते शुक्रवार सांगलीत विश्रामबागेला आणि शनिवार-रविवार साताऱ्यात पोवई नाक्यापाशी, मी पोरापोरींना ती चूक पकडायला शिकवलं.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं सांगतो. "आई भाकरी थापते, कालवण करते आणि भांडी घासणे." हे वाचताना शेवटी तुमचा पाय अडकला असेल. पहिली दोन कामं एका चालीत चालली होती, तिसरं वेगळ्याच चालीनं आलं. मराठीत असं कोणी बोलत नाही. आपली पोरं इंग्रजीत मात्र हे रोज लिहितात, कारण त्या भाषेचा कान त्यांना घरात मिळालेला नसतो. तीन गोष्टी एका ओळीत सांगायच्या तर तिघींचा साचा एक हवा, आणि त्यांच्यामध्ये स्वल्पविराम जागच्या जागी हवेत. माझा सगळा धंदा एवढ्यावर चालला.

हे समजावण्याची सगळ्यात चांगली युक्ती मला साताऱ्यात एका हवालदारानं दिली. खटाव तालुक्यातला गडी, सुट्टीवर आला की अधिकारी व्हायच्या परीक्षेसाठी माझ्याकडे यायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "म्हंजी सर, ह्ये फॉल-इनच की. तिघं एका लायनीत, तिघांची वर्दी एक. एकजण लुंगीवर आला की लाईन बिघडली." त्यानंतर मी सांगलीतही लुंगीवरच शिकवू लागलो. स्वल्पविरामाच्या धड्यालाही तोच कामाला आला. इंग्रजीत ‘माझा भाऊ जो फौजेत आहे’ यात स्वल्पविराम नसले तर भाऊ दोन-चार असू शकतात, आणि दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम घातले तर भाऊ एकच आहे असा अर्थ होतो. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मला तीन भाऊ हायती. म्हंजी दोन शेपट्या चुकून पडल्या की दोन भाऊ गेलं." पुढे तो अधिकारी झाला. मिठाई घेऊन आला तेव्हा मला सॅल्यूट केला आणि मी गडबडून नमस्कार केला.

उलट्या डोक्याचीही माणसं भेटली. पाचगणीचे एक स्ट्रॉबेरी जॅमवाले आपल्या दुकानाच्या पाटीचा इंग्रजी मजकूर घेऊन आले होते. मी तपासला, बरोबर होता. तसं सांगितलं तर नाराज झाले. म्हणाले, "सर, लय मोकळं मोकळं दिसतंय. मधनंमधनं स्वल्पविराम टाका की." मी नाही म्हणालो. त्यांनी पेंटरकडून स्वतःच टाकून घेतले, दर दोन शब्दांनंतर एक. पाटी अजून आहे. आम्ही त्या रस्त्यानं गेलो की माझी बायको मालती ती धाप लागल्यासारखी थांबत थांबत वाचून दाखवते. दाखवायची, म्हणायला हवं. वर्षभर झालं, तिनं ते सोडून दिलंय.

आता माझी पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

माझ्या वर्गात प्रत्येकानं रोज तीन वाक्यं लिहून आणायची. प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी, आणि गोष्टी आपल्या स्वतःच्या दिवसातल्या. पुस्तकातली वाक्यं पोरं एकमेकांची बघून लिहितात, स्वतःचा दिवस कोणी कोणाचा उतरवू शकत नाही, एवढाच त्यात हिशेब. वह्या माझ्या टेबलावर पडायच्या, साठ-सत्तर. मी लाल पेन घेऊन बसायचो आणि अर्ध्या तासात गठ्ठा संपवायचो. एका वाक्याला चार-पाच सेकंद. एवढ्या वेगानं ते व्हायचं, कारण मी अर्थ वाचत नसे. नुसता सांगाडा बघायचा. तीन क्रियापदं एका वर्दीत आहेत का, शेपट्या जागेवर आहेत का, झालं. नव्या शिक्षकांना मी हे अभिमानानं सांगायचो. डॉक्टर एक्स-रे बघताना पेशंटचं तोंड बघतो का, असं विचारायचो.

एकदा एका टारगट पोरानं लिहिलं, आमचे सर बुटके, टकले आणि तापट आहेत. मी बरोबरची खूण करून पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी वही वर्गभर फिरली आणि पोरं पोट धरून हसली. मीही हसलो. पुढे किती वर्षं हा किस्सा मी लग्नाकार्यात सांगत होतो, माझ्या पद्धतीचं प्रमाणपत्र असल्यासारखा. त्या दिवशी मला शहाणपण यायला काही हरकत नव्हती.

दुसरा नियम वेळेचा. वर्ग बरोबर आठला सुरू. उशिरा येणाऱ्यानं पहिली दहा मिनिटं दाराशी उभं राहायचं. वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता, इमारत जुनी, लिफ्ट नाही. बावन्न पायऱ्या. तुमच्या पायऱ्या तुम्ही मोजा, घड्याळ मी बघतो, असं मी पहिल्या दिवशीच सांगून टाकायचो.

सुवर्णा आटपाडीकडची. गावाचं नाव सांगत नाही. वडील नव्हते, आई डाळिंबाच्या बागांतून कामाला जायची. पोरगी बी.कॉम. झालेली, सांगलीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली होती आणि बँकेच्या परीक्षेला बसणार होती. बारीक अंगाची, आवाज कमी. पहिल्या महिन्यात तिच्या वहीत माझी लाल शाईच जास्त दिसायची. मग हळूहळू ती सुधारत गेली. चौथ्या महिन्यात तिची वाक्यं इतकी नीट यायला लागली की मी वही उचलून वर्गाला दाखवायचो. "बघा, आटपाडीची पोरगी काय लिहिते." ती मान खाली घालायची.

आणि ती उशिरा यायची. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा, तीनदा. आठ वाजून पाच मिनिटं, सात मिनिटं. दारात येऊन उभी राहायची, चौकटीला हात लावून, तोंड थोडं उघडं. मी फळ्याकडे तोंड करून म्हणायचो, "सुवर्णा, दहा मिनिटं." ती उभी राहायची. नियम सगळ्यांना सारखा होता.

गौरी-गणपतीला गावी गेली ती परत आली नाही. तिच्या खोलीतल्या एका मैत्रिणीनं वर्गात येऊन सांगितलं. घरी छातीत धडधडायला लागलं, श्वास पुरेना, गाडी करून सांगलीला आणत होते, वाटेतच गेली. मैत्रिणीला डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदयाची झडप खराब होती. लहानपणी सांधे धरून ताप येतो, तो कधी कधी झडपेवर बसतो आणि वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही. कळलं असतं तर इलाज होता.

मी वर्गात दोन मिनिटं सगळ्यांना उभं केलं. मग धडा घेतला. घरी येऊन मालतीला सांगितलं, फार हुशार पोरगी होती. मला खरोखर वाईट वाटलं होतं, पण ते तेवढंच.

त्यानंतर महिना झाला असेल. दुपारची वेळ, मी नुकताच जेवून उठलो होतो. दारात एक बाई उभी. उन्हानं रापलेली, डोईवर पदर, एका हातात डाळिंबांची पिशवी आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाली, "सर हायत का? मी सुवर्णीची आई."

मालतीनं तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती खुर्चीवर बसेना, सतरंजीवरच बसली. मग मीही खाली बसलो. तिनं कागद उलगडला. आत सुवर्णाच्या वह्या होत्या, तीन, एकावर एक.

"तिच्या पेटीत घावल्या," ती म्हणाली. "समदं विंग्रजीत हाय. गावातल्या मास्तरास्नी दावलं असतं, पर मग गावभर झालं असतं. सर, पोरीनं काय लिवलंय त्ये वाचून दावा. मराठीत सांगा. तिचं लिवलेलं दुसरं काय न्हाई माज्यापाशी."

मी म्हणालो, अवश्य. ही रोजची वाक्यं आहेत, सरावाची, असंही सांगून ठेवलं. खरं सांगायचं तर मला उत्साहच आला. कामच माझं होतं ते. मी शेवटची वही घेतली, कारण ती चांगली होती, तिच्यात लाल शाई कमी होती, आणि आईला आपल्या पोरीची अक्कल दिसावी असं मला वाटलं. मधलं एक पान उघडलं आणि मराठी करायला लागलो. मराठी करायचं तर अर्थ वाचावा लागतो. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्या एखाद्या विद्यार्थ्याची वही वाचत होतो.

"मी सकाळी उठते, पाणी भरते आणि अभ्यासाला बसते." आईनं मान हलवली. "माझी मैत्रीण गाते, नाचते आणि सगळ्यांना हसवते." आई किंचित हसली.

पुढचं वाक्य असं होतं. मी लवकर निघते, जिना हळू चढते आणि तरीही उशिरा पोहोचते.

त्याच्यापुढे माझी खूण होती. मी पान उलटलं. मी पहिल्या मजल्यावर थांबते, दुसऱ्या मजल्यावर बसते आणि तिसऱ्या मजल्यावर दाराशी उभी राहते. खूण. आणखी दोन पानं. रात्री माझी झोप मोडते, श्वास अडतो आणि पाय सुजतात. तिन्ही भाग एका चालीत, दोन स्वल्पविराम जिथल्या तिथे. खाली माझ्या अक्षरात, लाल शाईत, इंग्रजीत लिहिलेलं होतं: उत्तम. शब्दाखाली दोन रेघा ओढलेल्या. हेच पान मी वर्गात वर धरून दाखवलेलं असणार.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मग मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. वाक्य दुरुस्त केलं.

"मी जिना चढते," मी म्हणालो, "खिडकीपाशी थांबते आणि... आणि खालचा रस्ता बघते."

"रस्ता बघती," आई म्हणाली.

"रात्री मी पाठ करते, उजळणी करते आणि झोपते."

असं मी अर्धं पान वाचलं. सराईत माणूस आहे मी, तीन तीन गोष्टींची वाक्यं मला झोपेतसुद्धा सुचतात. मालती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला इंग्रजी येतं, पण वही तिला दिसत नव्हती, माझं तोंड दिसत होतं. ती तिथून हलली नाही.

आईनं पदरानं तोंड पुसलं. "आनि जिना चढताना दम लागायचा त्ये न्हाई लिवलं व्हय तिनं?"

मी पानावर तळहात ठेवला.

"मला फोनवर कळायचं, सर. बोलता बोलता थांबायची. म्या म्हनायची, का गं, धाप का लागली? ती म्हनायची, जिना हाय वर्गाचा. म्या म्हनायची, सवय न्हाई तुला, आपल्याकडं कुठं जिनं हायत, व्हईल सवय." ती सतरंजीचा काठ बोटानं सरळ करत होती. "सवय व्हईल म्हनलं म्या. दवाखान्यात जा न्हाई म्हनलं. सणाला आली की बघू म्हनलं. त्येच लागून ऱ्हायलंय मला. म्हनून आले. म्हनलं, माज्याबिगर आनि कुनाला तरी सांगितलं आसंल तिनं. कुनाला तरी ठावं आसंल."

त्या खोलीत मला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. मी गप्प बसलो तर ही बाई आटपाडीची एसटी पकडेल आणि तिच्या पोरीनं आपल्या आईशिवाय कोणालाच काही सांगितलं नव्हतं, असं समजून जन्मभर जगेल. सगळं ओझं एकटीच्या डोक्यावर घेऊन. मला मात्र कोणी काही विचारणार नव्हतं. उत्तम हा शब्द इंग्रजीत होता.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "मला सांगितलं होतं."

तिनं वर बघितलं.

"या वहीत आहे. खूप वेळा आहे. जिना चढवत नाही, श्वास पुरत नाही, पाय सुजतात, सगळं लिहिलंय तिनं. रोज माझ्या टेबलावर आणून ठेवत होती. मी वाचलंच नाही. मी फक्त चुका बघत होतो. चूक नव्हती म्हणून..." मी ते पान तिच्यापुढे धरलं आणि लाल शब्दावर बोट ठेवलं. "हे मी लिहिलंय. छान लिहिलंस, असा याचा अर्थ आहे."

तिनं त्या शब्दाकडे बराच वेळ पाहिलं. तिला अक्षर लागत नव्हतं, शाई दिसत होती. मी वाट बघत होतो, ती काय बोलेल याची. शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. मालती येऊन तिच्याशेजारी बसली.

"आनि उशीर झाला की?" आईनं विचारलं. "उशीर झाला की तुमी काय करायचा?"

"दाराशी उभं करायचो. दहा मिनिटं."

"बसू देत न्हवता?"

"नव्हतो."

ती रडली. मालतीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मला रडायचा हक्क नव्हता, तरी डोळ्यांतून पाणी आलंच.

या गोष्टीला वर्ष होत आलं. सांगलीचा वर्ग मी बंद केला, साताऱ्याचाही. लोक समजतात मोबाइलमुळे केला, आणि मी त्यांना तसं समजू देतो. आता मोबाइलमध्ये वाक्य टाकलं की तो क्षणात दुरुस्त करून देतो, सांगाडा अचूक बघतो, कोण लिहितंय आणि त्याला काय होतंय याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. त्या बाबतीत त्याच्यात आणि माझ्यात काही फरक नव्हता. तीन-चार मुलं अजून घरी येतात, खालच्या मजल्यावर. त्यांची वही मी आधी नुसती वाचतो, मग पेन घेतो. एका वहीला वीस मिनिटं लागतात. पुष्कळ चुका त्यात सुटून जातात. या सुधारणेचं मला कौतुक नाही. जिच्यासाठी व्हायला हवी होती तिच्या कामाची ती नव्हती.

त्या दुपारी मला वाटलं होतं, ती आता वह्या उचलून जाईल. तिनं डोळे पुसले, तिन्ही वह्या एकावर एक ठेवल्या, कडा जुळवल्या, आणि माझ्याकडे सरकवल्या.

"मगाशी तुमी पदरचं वाचलं," ती म्हणाली. "रस्ता बघती आनि काय काय. आता तिचं वाचा. पयल्यापास्नं. लाल सोडून."

मी पहिली वही उघडली. पहिल्या दिवसाचं पहिलं वाक्य, अक्षर अजून घाबरलेलं. शेवटच्या भागावर माझी आडवी लाल रेघ होती, कारण पहिले दोन भाग तिनं स्वतःविषयी लिहिले होते आणि तिसऱ्यात एकदम दुसरंच माणूस आणलं होतं. रेघेवर मी तिला बरोबर कसं लिहायचं ते लिहून दिलं होतं. ते मी वाचलं नाही. रेघेखालचं वाचलं.

"मी नोकरी करीन, खोली घेईन आणि माझी आई माझ्यापाशी राहील."

मी थांबलो. आईनं गुडघे पोटाशी घेतले आणि भिंतीला टेकून नीट बसली, पुष्कळ वेळ बसायचं असल्यासारखी.

"वाचा की," ती म्हणाली.